माझा माईक जात नाही

सभागृहात सगळे तिला माईकवाली म्हणत. धंदा मुळात नवऱ्याने काढला होता, पण भरल्या सभेत स्पीकरने शिट्टी मारली की आपल्याला दरदरून घाम फुटतो, हे दुसऱ्याच कार्यक्रमात त्याच्या लक्षात आलं. तेव्हापासून तो घरी बसून तुटलेल्या वायरी जोडतो आणि सव्वीस वर्षं सभागृह ती सांभाळते. स्वतः मात्र माईकवर "हॅलो, एक, दोन, तीन" यापलीकडे ती कधी गेली नव्हती. चारचौघांत बोलायचं म्हटलं की तिच्या तोंडचं पाणी पळायचं.

त्या दिवशी दुपारी सुनावणी होती. शहरातलं बाळंतपणाचं रुग्णालय बंद करून लांबच्या नव्या इमारतीत हलवायचं नगरपालिकेच्या समितीच्या मनात होतं. कोणाला काही सांगायचं असेल तर येऊन तीन मिनिटांत सांगावं, अशी नोटीस लागली होती. पंधरा जणांनी नावं दिली होती. पहिलं नाव माईकवालीच्या थोरल्या नणंदेचं. त्या रुग्णालयात वन्संनी एकतीस वर्षं नर्स म्हणून काढली होती.

सकाळी दहालाच दोघी हजर झाल्या.

"हा घ्या, वन्सं. हातात धरायची सवय करा. आणि वरची जाळी मुठीत आवळू नका, आवाज गुदमरतो."

"अगं, निसरडी पोरं झेललीत या हातांनी. हा तर रडतही नाही."

"तुमचं भाषण ऐकून रडेल."

"भाषण नाही, हिशोब आहे मिनिटांचा," असं म्हणत वन्सं माईक घेऊन शेजारच्या खोलीत आरशासमोर सराव करायला गेल्या.

माईकवालीने मागच्या टेबलावर वायरलेस माईकचा आवाज पकडणारा डबा, रिसीव्हर, मांडला. दोन्ही अँटेना उंच स्टँडवर चढवल्या, एक डावीकडे कललेली, एक उजवीकडे. रिकाम्या सभागृहात अँटेना कुठेही ठेवली तरी चालते, पण खुर्च्या भरल्या की चालत नाही. माणूस म्हणजे पाण्याने भरलेली पिशवी. रेडिओच्या लहरी तो पिऊन टाकतो. म्हणून अँटेनाला लोकांच्या डोक्यांवरून माईक दिसला पाहिजे, असं ती म्हणायची, जणू अँटेनाला डोळे असतात.

मग स्कॅन. हवेत आधीच कोण कोण बडबडतंय ते रिसीव्हर ऐकतो आणि आपल्याला मोकळा चॅनेल शोधून देतो. त्याआधी आपले स्वतःचे सगळे माईक बंद करायचे, हा पहिला नियम. नाही तर रिसीव्हर घरच्यालाच परका समजतो आणि चांगली जागा सोडून कुठेतरी कडेला जाऊन बसतो. तिने पेटीतले तिन्ही माईक तपासले. बंद होते. ती बटण दाबणार, तेवढ्यात समितीचे सचिव आले.

"वायरलेस लावताय? छान. पण या वायरलेसचा काही भरवसा नसतो, नाही का?"

"असतो, साहेब."

"कधीही जातो म्हणतात. मध्येच." सचिवांनी आवाज खाली आणला. "आज गेला तर कोणी तुम्हाला बोल लावणार नाही. मी चष्मा काढून टेबलावर ठेवला की गेला असं समजा. पहिल्याच बाई जरा फार बोलतात असं ऐकलंय."

तिला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा कान तापले. सव्वीस वर्षांत तिचा एकही माईक मध्येच गेला नव्हता. नव्या बॅटऱ्या, दोनदा चाचणी, तीनदा चाचणी, कशासाठी? आणि हा माणूस तिलाच सांगत होता, की तुझा माईक जाऊ दे.

"माझा माईक जात नाही," ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला, की तिचा तिलाच राग आला.

सचिव हसले. "पुढच्या वर्षी सभागृहाचं काम कोणाला द्यायचं, ते मी ठरवतो. विचार करा."

ते गेल्यावर तिने बटण असं दाबलं, की टेबल हललं. रिसीव्हरने शोधून एक चॅनेल दिला. शेवटून दुसरा. एरवी तिने भुवया उंचावल्या असत्या. आज तिने हाक मारली, "वन्सं, माईक आणा जुळवायला."

वन्सं आल्या. हातातल्या माईकचा दिवा हिरवा होता. तो तिने पाहिलाही. पण डोक्यात सचिव ठाण मांडून बसले होते, दिव्याला जागा नव्हती. तिने माईक रिसीव्हरसमोर धरला आणि दोघांचा चॅनेल जुळवला. मग बोलत बोलत सभागृहाच्या चारही कोपऱ्यांत जाऊन आली. एक, दोन, तीन. आवाज स्वच्छ होता.

घडलेलं तिने वन्संना सांगितलं.

"मग तू काय म्हणालीस?"

"माझा माईक जात नाही म्हटलं."

"एवढंच?"

"तेवढंच सुचलं."

"माझ्या भावाला तेवढंही सुचलं नसतं," वन्सं म्हणाल्या. "बरं, पण जाणार नाही ना गं खरंच?"

"नाही."

तीन वाजता सभागृह गच्च भरलं. मागे भिंतीला टेकून लोक उभे होते. व्यासपीठावर मध्ये अध्यक्ष, म्हातारे आणि अर्धवट झोपेतले. त्यांच्या बाजूला सचिव, नाकावर चष्मा. वन्सं सातव्या रांगेतून उठल्या.

"बाळ आडवं आलं की आमच्या हातात किती वेळ असतो, ते मी सांगायला नको. नव्या इमारतीपर्यंत मी तीनदा घड्याळ लावून गेले. मोकळ्या रस्त्याने, भर दुपारी. वेळ लागला—"

खर्रर्र. आणि मग काहीच नाही.

वन्संचे ओठ हलत होते. रिसीव्हरवर सिग्नलचे दिवे विझत होते, लागत होते. स्पीकरमधून कुठल्यातरी परक्या स्टेशनची पुसट गुणगुण आली. माईकवालीने व्यासपीठाकडे पाहिलं. चष्मा अजून नाकावरच होता. सचिवांना वाटलं, बाईंनी जरा आधीच उरकलं. त्यांनी तिच्याकडे बघून शाबासकीची मान डोलावली.

त्या मानेने तिच्या काळजाला आग लागली. आणि त्याच क्षणी तिला तो हिरवा दिवा आठवला. स्कॅन चालू असताना वन्सं पलीकडच्या खोलीत आरशाशी बोलत होत्या, माईक चालू ठेवून! रिसीव्हरने घरच्यालाच परका ठरवलं होतं आणि बाहेरच्या स्टेशनला लागून असलेला कडेचा चॅनेल धरला होता. रिकाम्या सभागृहात ते बाहेरचं स्टेशन माईकपुढे दबून गेलं, पण माणसांनी माईकच्या लहरी प्यायल्यावर त्याने डोकं वर काढलं. चूक तिची होती, सरळ सरळ तिची. आणि आता सचिवांना, कदाचित वन्संनाही, वाटणार होतं की तिने सांगितलेलं काम केलं.

"वेळ झाली," सचिव आपल्या माईकवरून म्हणाले. "तांत्रिक अडचण आहे. पुढचं नाव."

तिच्या टेबलावर चाचणीसाठी वायरचा एक माईक कायम असे. तिने तो उचलला. दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"हॅलो," ती म्हणाली. सवयीने पुढे "एक, दोन" येत होतं, ते तिने गिळलं. "मी माईकवाली बोलतेय. पुढचं नाव नको. यांचं संपलेलं नाही. आवाज गेला ही माझी चूक आहे. सकाळी जोडणी करताना एक माईक बंद करायचा राहिला. जोडणी आता नव्याने करते. दोन मिनिटं लागतील."

"बाई, खाली बसा!" सचिव म्हणाले.

"मी उभीच असते, साहेब. बसून आवाज कळत नाही." मागून कोणीतरी हसलं. तिला हुरूप आला. "आणि एक सांगते. सकाळी मला सांगितलं गेलं, की वायरलेस कधीही जाऊ शकतो. तर यापुढे माझा माईक जाणार नाही. गेला, तर मीच बंद केला असं समजा, आणि कोणाच्या सांगण्यावरून, ते मला इथेच सगळ्यांसमोर विचारा. मी नाव सांगेन."

अध्यक्ष पुरते जागे झाले.

"दोन मिनिटं ना?" त्यांनी विचारलं. "करा. आणि त्यांची तीन मिनिटं पहिल्यापासून मोजा."

तिने वन्संच्या हातून माईक घेतला, बंद केला. पेटीतले तिन्ही पुन्हा तपासले. सचिवांचा माईक वायरचा होता, त्याचा प्रश्न नव्हता. बटण दाबलं. दोनशे माणसं एका डब्यावरच्या आकड्यांकडे श्वास रोखून बघत होती. या वेळी रिसीव्हरने मधला चॅनेल दिला. तिने माईक जुळवला आणि रांगांमधून चालत, माणसांच्या गर्दीतून, शेवटच्या भिंतीपर्यंत जाऊन आली. एक, दोन, तीन. दिवे हलले नाहीत.

"घ्या, वन्सं."

"मोठी बोललीस गं," वन्सं पुटपुटल्या. आणि ते सगळ्या सभागृहाला ऐकू गेलं, कारण माईक चालू होता.

हशा ओसरल्यावर त्यांनी घसा साफ केला. "तर, मोकळ्या रस्त्याने वेळ लागला बावन्न मिनिटं. बावन्न. रात्रीची मी मोजलेली नाहीत, पण ज्या बायका इथे बसल्या आहेत त्यांनी मोजून बघावीत."

माईकवाली आपल्या टेबलाशी परतली. व्यासपीठावर सचिवांनी सावकाश चष्मा काढला, घडी घातली आणि टेबलावर ठेवला. मग थेट तिच्याकडे पाहिलं.

तिनेही पाहिलं. नजर न काढता तिने वन्संच्या माईकचा आवाज वाढवणारी पट्टी बोटभर वर सरकवली.