हिराबाईंच्या रिपोर्टांची पिशवी

मित्रांनो, मी एक जुनी रेक्झिनची पिशवी आहे, आणि खरं सांगते, मला आता दवाखान्यांचा वीट आला आहे.

उद्यमनगरात जीपची सीटकव्हरं शिवणाऱ्या एका कारागिराने उरलेल्या तुकड्यांतून मला शिवलं. माझा मालक सोमशेखर मला घेऊन रोज शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीवर जायचा. आत त्याच्या आईच्या, हिराबाईंच्या हातच्या भाकऱ्या असायच्या. "पिशवी न्हवं, लोखंड हाय लोखंड," असं तो सगळ्यांना सांगायचा. ते माझे सुखाचे दिवस.

दोन वर्षांपूर्वी हिराबाई वाळत चालल्या. विचारलं की म्हणायच्या, "भूकच न्हाय रं." सोमशेखरने डबा काढून माझ्यात रिपोर्ट भरले. पोटाचे डॉक्टर झाले, दातांचे झाले, हृदयाचे झाले. प्रत्येकाने माझ्यातले कागद उपसले, नवे दोन कोंबले आणि पुढच्या डॉक्टरचं नाव सांगितलं. एकाने तर बाईंकडे मान वर करूनही पाहिलं नाही. माझ्यात डोकं घालूनच म्हणाला, "वय झालंय." आजारी मी होते का?

सोमशेखरचंही डोकं फिरायचं. तो आईला म्हणायचा, "अव्वा, खा की ग! आनी किती डॉक्टर करू?"

मला मात्र सगळं ठाऊक होतं, कारण मी देवघराशेजारच्या खुंटीला टांगलेली. सोमशेखर कामावर गेला की हिराबाई पूजेला बसत. लिंगायत रीतीप्रमाणे गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची आणि त्याआधी अन्नाला शिवायचं नाही, हा त्यांचा लहानपणापासूनचा नेम. पण तो हातच आता थरथरत होता. एकदा लिंग हातातून निसटून खाली पडलं. बाई दिवसभर रडल्या, पण कुणापाशी अवाक्षर काढलं नाही. तेव्हापासून त्या हात शांत व्हायची वाट बघत बसत. कधी दुपारी पूजा व्हायची, कधी अख्खा दिवस उपाशी. आणि डॉक्टरांसमोर? तो हात पदराखाली घट्ट दाबलेला! मला असा संताप यायचा, पण पिशवीचं ऐकतो कोण?

गेल्या महिन्यात आम्ही वयस्कर माणसांच्या आजारांच्या डॉक्टर स्नेहलबाईंकडे गेलो. मी सवयीने तोंड उघडून तयार. त्यांनी मला उचललं आणि सरळ खुर्चीखाली ठेवलं. खोटं कशाला बोलू, मला राग आला.

"आज्जी, सकाळी उठल्यापास्नं काय काय करता, सांगा बघू," डॉक्टर म्हणाल्या.

सोमशेखरने तोंड उघडलं, तसं डॉक्टरांनी त्याला अडवलं. "तुमी थांबा. त्यास्नी बोलू दे की!"

मग पदराखालून तो थरथरता हात बाहेर आला. "पूजा हुईना बाई. लिंग पडलं माज्या हातनं. पूजा न्हाय तर जेवू कशी?"

सोमशेखर उभा राहिला, पुन्हा खाली बसला. "मला का न्हाय सांगितलंस, अव्वा?"

"तू खा खा म्हनलास. का खाईना, ते कुटं इचारलास?"

हाताच्या थरथरीवर औषध सुरू झालं आहे. गुण यायला वेळ लागेल, तोवर पूजेला कुणीतरी हाताखाली हात धरा, असं डॉक्टरांनी सांगितलं. आता सोमशेखर कामावर जाण्याआधी आईच्या हाताखाली आपला हात धरून बसतो. मग दोघं मिळून न्याहारी करतात.

मित्रांनो, कागद सांभाळायला मी आहे. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसून "का ग जेवत नाहीस?" असं विचारायला मला आवाज नाही. तुम्हाला आहे ना? मग विचारा की!