तेवीस नकार

सुनेने एक कागद माझ्यापुढे ठेवला आणि फक्त चुका बघायला सांगितलं. तीस वर्षं मी शाळेत उत्तरपत्रिका तपासल्या, त्यामुळे घरातला कुठलाही अर्ज शेवटी माझ्याच गळ्यात पडतो. चष्मा लावून वाचायला घेतला आणि माझं डोकंच फिरलं. विविध प्रस्तावांचे मूल्यमापन केले. अहवाल सादर केले. सहकाऱ्यांशी समन्वय साधला. चूक एकही नव्हती, पण पंधरा वर्षं नोकरी केलेल्या बाईचा हा बायोडेटा वाचून ती कधी ऑफिसला तरी गेली होती का, अशी शंका यावी.

"हा कोणाचा आहे?" मी विचारलं.

"माझाच."

"वाटत नाही."

ती बँकेत कारखान्यांना कर्ज द्यायचं की नाही ते ठरवते. आता तिला अशा एका फंडात जायचं होतं जो कर्ज देत नाही, कारखान्यात भागीदारच होतो. चार फंडांनी तिला साधं उत्तरही पाठवलं नव्हतं. या पाचव्याने एवढंच कळवलं होतं, की तुम्ही स्वतः घेतलेले निर्णय एका पानात आज संध्याकाळपर्यंत पाठवा. तिचं वय एक्केचाळीस. इथूनही नकार आला तर पुन्हा अर्ज करणार नाही, असं ती मला कपड्यांच्या घड्या करता करता म्हणाली. ती बोलते तसं करते.

मी तिला समोर बसवलं आणि मूल्यमापन म्हणजे नेमकं काय करतेस ते सांग म्हटलं. नऊ वर्षं एका घरात राहून मी हे कधी विचारलं नव्हतं, हे माझ्याही तेव्हाच लक्षात आलं.

ती म्हणाली, कागद सगळेच आणतात, म्हणून मी कारखान्यात जाऊन हात धुवायच्या जागा बघते. एक मालक सांगत होता की तीन पाळ्यांत काम चालतं. कागदही तेच म्हणत होते. पण कामगारांच्या बेसिनवरचा साबण कोरडा ठणठणीत होता, भेगा पडलेला. तिने नकार दिला. दुसऱ्या एकाचं शीतगृह म्हणे मालाने गच्च भरलं होतं. आत जाणाऱ्या हमालांचे गरम कोट मात्र खुंटीला नवेकोरे लटकत होते, घडीच्या रेघासुद्धा गेल्या नव्हत्या. तिथेही नकार.

मी आ वासून ऐकत होते. मला वाटायचं, ही दिवसभर सह्या करते.

"मग हे का नाही लिहिलंस?"

"आई, हे सगळे नकारच आहेत. कर्ज दिलं नाही म्हणजे काही घडलंच नाही ना. न घडलेलं लिहायचं कसं?"

"त्यांचं पुढे काय झालं ते बघून."

तिच्या डायरीत अशा तेवीस कारखान्यांची नोंद होती, जिथे तिच्या साहेबांना कर्ज द्यायचं होतं आणि ती आडवी आली होती. मी नावं वाचायला लागले, ती कॉम्प्युटरवर शोधायला लागली. पहिला बंद. दुसरा लिलावात. तिसरा बंद. सहाव्या नावानंतर माझा आवाज आपोआप खाली गेला. मुलगा मध्येच येऊन चहाचं विचारून गेला, त्याला दोघींनीही उत्तर दिलं नाही. तेवीसपैकी एकोणीस बुडाले होते. तीन कसेबसे तग धरून होते. एक गिअर बनवणारा कारखाना मात्र जोरात होता आणि त्यात भागीदार कोण, तर हाच पाचवा फंड.

"हा गाळून टाक," मी म्हटलं. "परीक्षेत स्वतःची चूक कोणी गोल करून दाखवतं का?"

"एकोणीस बरोबर आणि चूक शून्य असं कोणी मला दिलं, तर मीच विश्वास ठेवणार नाही," ती म्हणाली. मग तिने पान नव्याने लिहिलं. कोणाचंही नाव न घेता प्रत्येक नकाराचं कारण एका ओळीत आणि पुढे काय झालं ते दुसऱ्या ओळीत. गिअरचा कारखाना सगळ्यात वर. मी कपाळाला हात लावला.

तिसऱ्या दिवशी फोन आला. ती इस्त्री करत होती म्हणून तिने तो स्पीकरवर टाकला. फंडाचे प्रमुख स्वतः बोलत होते.

"तो गिअरचा कारखाना आमचाच का?"

"नाव मी सांगू शकत नाही," सून म्हणाली. "ती बँकेची खासगी बाब आहे."

गेली हातची, मी मनात म्हटलं.

"बरं. मग नकार का दिलात?"

"तिथली सगळी यंत्रं एक म्हातारा कारागीर नुसत्या आवाजावरून लावायचा. त्याच्या कानाला बरं वाटलं की काम सुरू. त्याच्याकडून शिकणारं कोणी नव्हतं. कर्ज कारखान्याला द्यायचं होतं, पण मला तो एकटाच माणूस दिसत होता. सहा वर्षं कारखाना उत्तम चालला, तेव्हा चूक माझीच."

"ते कारागीर महिनाभर अंथरुणावर आहेत," प्रमुख हळू म्हणाले. "आमचा निम्मा माल परत येतोय आणि आम्ही कागद तपासत बसलोय. सोमवारी सरळ कारखान्यावर या."

"आणि मुलाखत?"

"झाली ती."

सून इस्त्री बंद करून तिथेच जमिनीवर बसली. नऊ वर्षं ही बाई माझ्या शेजारी बसून जेवत होती आणि मी तिला भाजीत मीठ किती घालायचं ते शिकवत होते.

सोमवारी ती अंघोळीला गेल्यावर मी तिचे बूट घेऊन दाराशी बसले आणि टाचेपर्यंत घासून पुसले. ती बाहेर आली आणि मला बघून दचकली.

"आई, अहो, हे काय करताय?"

"तूच बघ," मी म्हटलं. "तुला दिसतं सगळं."

तिने बघितलं आणि माझ्याजवळ येऊन बसली. तिला उशीर होत होता, तरी मी उठ म्हटलं नाही.