बारा पिशव्या

प्लेटलेटची पिशवी खिडकीच्या उजेडासमोर धरून हलकेच दाबली, की आतल्या पिवळट द्रवात रेशमासारखी एक लहर सरकते. दोन सेकंद टिकते, फार तर तीन. चांगल्या प्लेटलेट बशीसारख्या चपट्या असतात. वळताना त्या उजेड परतवतात, म्हणून लहर दिसते. थंडी बाधली की त्या गोल होतात आणि द्रव नुसता गढूळ दिसतो. नंतर कितीही ऊब दिली तरी लहर परत येत नाही. अशा प्लेटलेट रुग्णाच्या रक्तात फार काळ टिकत नाहीत.

हे मला व्हर्ना कोवालचुकने शिकवलं. विनिपेगच्या रक्तकेंद्रात मी संशोधक डॉक्टर म्हणून लागले तेव्हा ती तिथली सर्वांत जाणती तंत्रज्ञ होती, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. "पोरी, यंत्राकडे नंतर बघ, आधी उजेडाकडे बघ," म्हणायची. लहरीला ती शून्य ते तीन असे गुण द्यायची आणि पेन्सिलीने वहीत मांडायची.

बावीस वर्षांपूर्वी मी एक पेटी तयार केली. उत्तरेकडच्या गावांना प्लेटलेट विमानाने पाठवायच्या तर जुन्या पेट्या जड होत्या, छोट्या विमानात मावत नसत. माझी पेटी हलकी होती. आम्ही शहाण्णव पिशव्या तीत घालून उत्तरेला पाठवल्या आणि परत आणून तपासल्या. जानेवारीत गेलेल्या बारा पिशव्यांपुढे व्हर्नाने शून्य लिहिलं. यंत्रावर त्यांची आम्लता मात्र ठीक येत होती. मी तिला पुन्हा बघायला सांगितलं. तिने पुन्हा शून्यच लिहिलं.

या चाचण्यांवरचा शोधनिबंध पाठवायची मुदत जवळ आली होती. मी त्या बारा पिशव्या हिशेबातून काढल्या आणि तळटीप दिली: निरीक्षकाची चूक. निरीक्षक एकच होती. दोन महिन्यांनी व्हर्नाची बदली लेबलं लावायच्या टेबलावर झाली. तिच्या डोळ्यांवर आता भरवसा नाही, असं कारण वरून दिलं गेलं, आणि मी गप्प राहिले. त्यानंतर तिने मला पोरी म्हटलं नाही. डॉक्टर म्हणायला लागली, अहो-जाहो करून.

पेटीला माझंच नाव पडलं. फ्रीसन पेटी. तिच्यामुळे मी विभागप्रमुख झाले, परिषदांना गेले, तरुण डॉक्टरांना आकडेवारीतल्या प्रामाणिकपणावर व्याख्यानं दिली. हिवाळ्यात उत्तरेकडून फोन यायचे. दोन पिशव्या दिल्या, तरी रुग्णाच्या प्लेटलेटचा आकडा वर सरकत नाही. मी समजावायची की काही रुग्णांचं शरीर परक्या प्लेटलेट स्वीकारत नाही. असे रुग्ण खरोखरच असतात. ते असतात म्हणूनच हे उत्तर इतकं सोयीचं होतं.

सहा वर्षांपूर्वी फेब्रुवारीत तिकडची एक शाळामास्तरीण गेली. वय एकतीस, रक्ताचा कर्करोग, मेंदूत रक्तस्राव. चार पिशव्या दिल्या होत्या, चारही माझ्या पेटीतून. त्या आठवड्यात मी कुणाला न सांगता दहा पेट्यांत तापमापक ठेवले. विमानतळावर पेटी तासभर उघड्यावर राहते. बाहेर उणे चौतीस, आत चार अंश. प्लेटलेटना किमान वीस अंश लागतात. ते कागद मी खणात ठेवले आणि स्वतःला सांगितलं की दहा पेट्यांवरून निष्कर्ष काढता येत नाही. पुढच्या हिवाळ्यात आणखी मोजमापं घ्यायची ठरवली. पुढच्या हिवाळ्यात घेतली नाहीत. त्यानंतरच्या पाचही हिवाळ्यांत घेतली नाहीत.

काल व्हर्नाचा कामाचा शेवटचा दिवस होता. दुपारी चहा ठेवला होता: राय ब्रेड, चीजचे काप, लोणच्याची काकडी, कुणाच्या तरी आईने केलेल्या गोड वड्या, आणि निळ्या अक्षरांत नाव घातलेला केक. आमचे संचालक गॉर्डन सवात्स्की एका हातात बशी आणि दुसऱ्या हातात पत्र घेऊन माझ्याकडे आले. शेजारचे दोन प्रांत माझी पेटी घेणार होते, माझी सही तेवढी हवी होती. केक कापायच्या आधी उरकून टाक, म्हणाले. मी पत्र घेतलं. पेन मागितलं नाही.

निवृत्त होणाऱ्या तंत्रज्ञाने जाताना एक पिशवी उजेडासमोर धरायची आणि बाकीच्यांनी गुण ओळखायचे, ही आमच्याकडची जुनी पद्धत. सकाळीच उत्तरेकडून माझ्या पेटीतून एक पिशवी न वापरता परत आली होती. कुणीतरी तीच आणून व्हर्नाच्या हातात दिली. ती खिडकीशी गेली. बाहेर बर्फावर स्वच्छ ऊन होतं, याहून चांगला उजेड मिळत नाही. तिने पिशवी दाबली, थांबली, पुन्हा दाबली. मग माझ्याकडे वळली.

"डॉक्टर, तुम्हीच सांगा. माझ्या डोळ्यांचं काय ते छापून आलंय."

सगळे हसले. तळटीप कुणाला आठवत नव्हती. आठवण्याइतकं जुनं तिथे आम्हा दोघींशिवाय कुणी उरलंच नव्हतं. मी तिच्याजवळ गेले आणि हलक्या आवाजात म्हणाले की मी या विषयावर तिच्याशी बोलणारच होते, आज चहा झाल्यावर.

"बावीस वर्षं तुमचा चहाच चाललाय," ती म्हणाली. "आता काय, केकवर लिहून देणार?"

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. तिने पिशवी माझ्या हातात दिली. मी ती उजेडासमोर धरली आणि तिने शिकवलं होतं तशी, अंगठ्याने खालून वर दाबली. द्रव हलला. आत काहीही सरकलं नाही. मी पुन्हा दाबली, जरा जोरात, जसं काही जोर लावून दिसणार होतं.

"शून्य," मी म्हणाले.

गॉर्डन लोणचं चावत म्हणाले, "अगं, हा खेळ आहे. यंत्रावर ठीक येईल ती. तू सही कर बघू."

खोलीत बशांचा आवाज चालू होता. व्हर्ना माझ्याकडे बघत नव्हती. ती चष्मा पुसत होती. मी पिशवी टेबलावर ठेवली, सही न केलेलं पत्र गॉर्डनच्या बशीशेजारी ठेवलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलले.

"यंत्रावर त्या बाराही ठीकच आल्या होत्या, गॉर्डन. तो निबंध मी मागे घेतेय. उद्यापासून ही पेटी उत्तरेला जाणार नाही. व्हर्नाची नजर बरोबर होती, चूक माझी होती, आणि हे मला सहा वर्षांपासून ठाऊक आहे."