शेठचा दोनदा नाश्ता

"टोस्ट म्हणजे खाणं नाही का हो?"

प्राण्यांच्या दवाखान्यातल्या बाईंनी हे इतक्या खणखणीत आवाजात विचारलं की बाकावरची माणसं आपापल्या टोपल्या आणि साखळ्या सावरून बसली. समोर तपकिरी कुत्रा घेऊन एक उंच गृहस्थ उभे होते. कुत्र्याच्या मिशांना चुरा लागलेला होता आणि मालकापेक्षा तोच जास्त प्रामाणिक दिसत होता.

"अर्धाच दिला हो. सारखा तोंडाकडे बघत होता."

"तो बघणारच. भूल दिल्यावर तोच टोस्ट पोटातून वर येतो, श्वासनळीत जातो, आणि मग आम्ही बघत बसतो. परवा आणा. उपाशी!"

दवाखान्यात येणारे लोक पाठीमागे त्यांना उपाशीबाई म्हणत, आणि बाईंना ते ठाऊक होतं. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी त्या प्रत्येकाला फोन करत. रात्रीच्या जेवणानंतर तोंडात कण जाता कामा नये, एवढं बजावत आणि फोन ठेवून देत. सकाळी 'काही खाल्लं का' असं त्या कधी विचारत नसत. 'काय खाल्लं' असं विचारत. मग माणसं आपोआप कबूल करत. कोणी 'काही नाही' म्हणालंच, तर त्या आवाजावरूनच त्यांना अंदाज येई की पोटात बिस्कीट आहे की दूध.

आज मात्र त्यांचा अर्धा जीव दाराकडे लागला होता. पुढचा पेशंट त्यांच्याच घरचा होता.

थोड्या वेळाने यजमान झाकणाची टोपली छातीशी धरून आत आले. टोपलीत शेठ होता. हा त्यांचा पिवळा बोका. खिडकीत असा बसायचा की जणू दुकानाच्या गल्ल्यावर बसलाय, म्हणून शेठ. आता म्हातारा झाला होता आणि त्याच्या खांद्यावर सुपारीएवढी गाठ आली होती. गाठ काढणं काही अवघड नव्हतं. या वयात भूल दिल्यावर तो पुन्हा डोळे उघडेल ना, हाच खरा घोर होता. म्हातारी जनावरं जागी होताना बाईंनी खूप पाहिली होती. न झालेलीही पाहिली होती.

यजमान शिंपी होते. शेठबद्दल बोलताना ते नेहमी 'तुझा बोका' म्हणत. पण त्याने टाके चाटू नयेत म्हणून कोटाच्या मऊ अस्तराचा अंगरखा त्यांनीच शिवून आणला होता. पायांसाठी चार भोकं, पाठीवर बंद.

"माप घेताना ओरबाडलं मला," त्यांनी डॉक्टरांना मनगट दाखवलं. "एवढं नखरेल गिऱ्हाईक आजवर बघितलं नाही."

डॉक्टर वयाने बाईंच्या मुलीएवढ्या होत्या. त्या हसल्या. "ताई, आज तुमचाच प्रश्न तुम्हाला. शेठनी सकाळी काय खाल्लं?"

"काही नाही," यजमान म्हणाले.

फारच पटकन म्हणाले. शिवाय बोलताना टोपलीच्या कडीशी चाळा चालला होता. हे धादांत खोटं आहे, हे बाईंना तिथल्या तिथे कळलं. दुसरं कोणी असतं तर त्यांनी चांगलं फैलावर घेतलं असतं. पण त्यांची जीभच उचलेना. कारण पहाटे, यजमान घोरत असताना, स्वयंपाकघराचं दार लोटून घेऊन त्यांनी स्वतः शेठला उकडलेल्या माशाचा तुकडा भरवला होता.

आतल्या खोलीत शेठला टेबलावर ठेवलं. बाईंनी सवयीने त्याचा पुढचा पाय धरला. डॉक्टरांनी सुई उचलली. शेठने बाईंच्या बोटांचा वास घेतला आणि बोट चाटलं.

"थांबा डॉक्टर. ह्याने खाल्लंय."

"कोणी दिलं?"

"मी."

डॉक्टरांना आधी ती थट्टाच वाटली. "ताई, तुम्ही?"

"मासा. एक तुकडा." बाईंची मान खाली गेली होती. एवढ्या वर्षांच्या नोकरीत इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

दारात उभे असलेले यजमान म्हणाले, "अगं, तू पण?"

मग काय, सगळंच बाहेर आलं. बाई कामावर निघाल्यावर यजमानांनी वाटीभर दूध दिलं होतं. म्हणजे उपाशी राहायच्या दिवशी शेठचा दोनदा नाश्ता झाला होता. बाहेर उंच गृहस्थ अजून कुत्र्याचा पट्टा घालत होते. त्यांनी आतलं सगळं ऐकलं.

"बाई, आमचा टोस्ट तरी कोरडा होता!"

अख्खा बाक हसला. बाईही हसल्या, आणि हसता हसता त्यांना डोळे पुसावे लागले.

"उद्या आणा," डॉक्टर शक्य तितक्या कडक आवाजात म्हणाल्या. "उपाशी!"

संध्याकाळी घरी शेठ खिडकीत बसला होता. यजमानांनी अंगरख्याची पोटाची शिवण उसवायला घेतली, कारण तो थोडा घट्ट होत होता.

"का दिलंत दूध?" बाईंनी विचारलं.

"परत आलाच नसता तर? रिकाम्या पोटी पाठवायचा त्याला?"

"मलाही तेच वाटलं," बाई म्हणाल्या.

"मग लोकांवर कशाला एवढी डाफरतेस?"

"नाही डाफरले तर ते देतात ना. आपण दिलं तसं."

त्या रात्री शेठला आवडेल ते पोटभर मिळालं. सकाळी त्याच्यासमोर कप वाजवायचा धीर दोघांनाही झाला नाही, म्हणून चहा न घेताच तिघं घराबाहेर पडले.

गाठ निघाली. वरवर साधी दिसतेय, तरी तपासायला पाठवते, असं डॉक्टर म्हणाल्या. शेठने डोळे उघडायला बराच वेळ घेतला. तोवर बाई पिंजऱ्याशेजारच्या स्टुलावरून हलल्या नाहीत आणि बाहेर यजमान बाकावरून हलले नाहीत. शेवटी शेठने एक डोळा उघडला, अंगरखा पाहिला आणि नापसंतीचा बारीक आवाज काढला. तो आवाज बाहेर ऐकू गेला आणि यजमानांनी टोपी काढून तोंडावर धरली.

संध्याकाळी बाईंनी स्टुलावर बसूनच उंच गृहस्थांना फोन लावला.

"उद्या आणताय ना? रात्रीच्या जेवणानंतर तोंडात कण जाता कामा नये."

"नाही बाई. अगदी नाही."

एरवी त्यांनी इथे फोन ठेवला असता. पण आज त्या थांबल्या.

"पण आत्ता त्याला आवडतं ते पोटभर द्या. आणि सकाळी तुम्हीही त्याच्यासमोर खाऊ नका." मग जरा हळू आवाजात त्या म्हणाल्या, "मी असते तिथे. जागा होईपर्यंत त्याच्याजवळ बसते."

बाईंचा दुसरा हात पिंजऱ्यात होता. अस्तराच्या मऊ कापडाखाली शेठचं पोट त्यांच्या तळहाताशी वर येत होतं, खाली जात होतं.