तिसऱ्या शिट्टीपर्यंत

कुकरची पहिली शिट्टी झाली तेव्हा घरात दुसरा आवाज नव्हता. गोदावरी न्हाणीत उकिडवी बसून, मोरचुदाच्या पाण्यात बुडवलेल्या जस्ताच्या पत्र्यावरून गाळ झटकायला कोंबडीचं पीस हळूच फिरवत होती. पत्र्यावर काळं मेण, मेणात सुईनं रेखलेली झोपलेली चिमी. सुईनं मेण खरवडलेलं तेवढंच जस्त पाणी खात होतं. तिसऱ्या शिट्टीला पत्रा काढायचा. आधी काढला तर रेघ उथळ राहते. उशीर झाला तर मेणही सुटतं आणि पाणी सगळंच खातं.

चित्रकलेच्या कॉलेजातला हा शेवटचा पत्रा. लग्न झालं, बजाजनगरच्या दोन खोल्या आल्या, चिमी आली. पत्रा कोराच गव्हाच्या कोठीमागं पडून राहिला. आज संध्याकाळी जुनी मैत्रीण फहमिदा तो कॉलेजच्या प्रेसवर छापायला नेणार होती. सासूला, सारजाबाईंना, गोदावरीनं सांगितलं होतं, कपडे भिजत घातलेत.

दुसऱ्या शिट्टीला चुलतसासरे काकासाहेब दारात. पिशोरहून मक्याची कणसं घेऊन आलेले.

ती बाहेर येऊन, पदर घेऊन पाया पडली, न्हाणीकडं वळणार तोच ते म्हणाले, "बस की, सूनबाई. शहरातली झाली म्हणून बोलायचंबी नाय का?"

ती बसली.

"पोरगी मोठी झाली. तिला भाऊ कधी आणता?"

"बघू."

"बघू म्हणता म्हणता लई जणांचं बघायचंच राहिलं."

तिसरी शिट्टी. गोदावरी उठली.

"तू बस गं," सारजाबाई मायेनं म्हणाल्या. "सकाळधरनं राबती बिचारी. गॅस मी बंद करते."

"कपडे भिजलेत, आत्या."

"भिजू दे. पळून जात नायत."

काकासाहेबांनी विहिरीवरच्या जळालेल्या मोटारीची गोष्ट काढली. बशीतला चहा फुंकून फुंकून प्यायले. गोदावरी पदराचं टोक बोटाला गुंडाळत "व्हय, व्हय" म्हणत राहिली. न्हाणीतून कसलाच आवाज येत नव्हता.

ते गेले तरी तिला सासूदेखत धावता आलं नाही. चालत गेली. रॉकेलच्या बोळ्यानं मेण पुसलं. पापण्या, जावळ, ओठ एकमेकांत मिसळून एकच खडबडीत खड्डा झाला होता. उशीची किनार तेवढी शाबूत.

संध्याकाळी फहमिदानं पत्रा उजेडाकडं धरला. "असाच छापू का गं?"

"नको."

फहमिदा रिकामी पिशवी घडी करून गेली. चिमी कणसाचे केस मुठीत घेऊन जवळ आली.

"हे माझं चित्र हाय?"

"होतं."

पोरीनं खड्ड्यावरून बोट फिरवलं.

"मग परत कधी काढशील?"