डाव्या हाताचं पान

सकवारबाईंना सिनेमाचं वेड कधीच नव्हतं. बंगळूरच्या शिवाजीनगरात खाली घराण्याचं शिंप्याचं दुकान, वर राहतं घर आणि माडीवर भाडेकरू शंतनु. हा पुण्याचा पोरगा कॉम्प्युटरच्या कंपनीत कामाला, पण जीव सगळा सिनेमात. महायुद्ध संपून पन्नास वर्षं झाली म्हणून त्याच्या मंडळानं इंदिरानगरच्या एका हॉलमध्ये जगभरातले ऐतिहासिक सिनेमे आणि माहितीपट लावले होते. रविवारी दुपारी तो म्हातारीच्या मागेच लागला.

"अक्का, आज आपले शिपाई दिसणारेत. परदेशात कैद झालेले. चला की!"

"माझं काय अडलंय तिथं?" असं म्हणत म्हणत बाई रिक्षात बसल्यासुद्धा.

अडलं होतं. बाईंचा नवरा नागोजी पलटणीबरोबर शिंपी म्हणून गेला, तेव्हा लग्नाची हळदही पुरती उतरली नव्हती. पुढच्या उन्हाळ्यात तार आली, वाळवंटातल्या लढाईत गेला म्हणून. कुंकू पुसलं, बांगड्या फुटल्या. तेव्हापासून धाकटा दीर विठोजी दर पितृपक्षात भावाला पिंड घालत आला, बाई गच्चीवर पान ठेवत आल्या. आणि कावळा? मेला एकदाही शिवला नाही! शेजारच्या गच्चीतल्या पानांवर कावळे तुटून पडायचे, यांच्या कठड्यावर बसायचे, बघायचे आणि उडून जायचे. शेवटी विठोजी दर्भाचा कावळा करून घासाला लावायचा आणि मोकळा व्हायचा. बाई काही मोकळ्या झाल्या नाहीत. घरात कुणीतरी उपाशी उभं आहे, असं त्यांना बारा महिने वाटायचं. दाराकडे पाठ करून जेवायला बसायची त्यांची छाती नव्हती.

हॉलमध्ये आधी राजाराणीचा एक रंगीत सिनेमा झाला, त्यात बाईंनी झकास डुलकी काढली. मग एक जुनं मुकं रीळ लागलं. बर्फ. तारेचं कुंपण. कुंपणाआड डोक्याला फडकी गुंडाळलेले आपल्याकडचे लोक. अगदी पुढं एक दाढीवाला उकिडवा बसून डब्यातलं काहीतरी खात होता. डाव्या हातानं.

बाई ताडकन उठल्या. "अहो!"

सगळा हॉल मागे वळून बघायला लागला. बघू दे! बाईंना त्या घडीला जग दिसत नव्हतं. सासरी दिवसभर वडीलधाऱ्यांचा राबता, रात्री दिवा विझलेला; नव्या सुनेनं नवऱ्याकडे मान वर करून बघायची टाप नव्हती. पदराखालून दिसायचे ते त्याचे हात. डावखुरे. शिवायचा डाव्यानं, पण जेवताना डावा हात पानाकडे गेला की सासूबाई उलथन्याचा फटका हाणायच्या. मग तो घास खाली टाकायचा, हात बदलायचा आणि अर्धपोटीच उठायचा. घरात त्याचा फोटो नव्हता. बाईंजवळ त्याचे ते हात तेवढे होते.

घरी आल्या आल्या त्यांनी विठोजीला धरलं. "भावजी, वाळवंटात बर्फ कुठून आला?"

"वहिनी, सिनेमाचं काय घेऊन बसलात?"

"जिवंत माणसाला पिंड घातले आपण! कावळा शिवेल कसा? आता ह्यांचं खरंखोटं कळल्याशिवाय मी पान वाढायची नाही, सांगून ठेवते." श्राद्धाची तिथी त्याच आठवड्यात होती. विठोजीचं तोंड एवढंसं झालं.

दुसऱ्या दिवशी शंतनु खाली मान घालून आला. "अक्का, माझ्याकडून घोळ झाला. आवाजाच्या फिल्मला एकाच कडेला भोकं असतात, ती चुकून उलटी लागत नाही. ह्या मुक्या फिल्मला दोन्ही कडांना होती. मी उलटी लावली. आज बघतो तर लॉरीवरचा आकडा उलटा! आरशात दिसतं ना, तसं सगळं दिसलं तुम्हांला."

"म्हणजे तो उजव्या हातानं खात होता."

"हो."

एका दिवसासाठी नवरा परत आला होता, तोही गेला. मग बाई म्हणाल्या, "सरी, बरं. आता सुलटं लाव. मला बघायचंय."

एकदाचं मिटू दे म्हणून विठोजीही बरोबर आला. रिकाम्या हॉलमध्ये पुन्हा तोच बर्फ, तेच कुंपण. दाढीवाला उजव्या हातानं खात होता. कुणी परकाच माणूस. विठोजीनं सुस्कारा सोडला. "झालं ना समाधान? चला."

"स्वल्प थांबा हो!"

दाढीवाल्याच्या मागे खोक्यावर बसून एकजण कोट शिवत होता. रविवारी ह्याच माणसाच्या उजव्या हातात सुई दिसली होती, म्हणून बाईंची नजर त्याच्यावरून सरळ पुढे गेली होती. आता सुई डाव्या हातात होती. त्यानं दोरा लांब ओढला, मान तिरकी करून दातांनी तोडला आणि सुई कानामागच्या केसांतून दोनदा फिरवली.

"दादा!" विठोजी ओरडला. त्याच्या हातातली काठी खाली पडली. "आई गं, दादाच आहे तो! सुई अशीच फिरवायचा!"

रीळ संपलं. शंतनुनं चाचरत सांगितलं, "अक्का, पूर्ण फिल्ममध्ये तो मान वर करत नाही. चेहरा नाहीच दिसत."

"चेहरा घेऊन काय करू रे?" बाईंना हुंदका फुटला. "तो मी कधी पाहिला होता?"

त्या छावणीतल्या लोकांचं पुढं काय झालं, हेही त्यांनी विचारलं. त्याच हिवाळ्यात तिथं तापाची साथ आली, असं शंतनुनं वाचलं होतं. फार थोडे परतले.

श्राद्धाच्या दिवशी बाईंनी सगळा स्वयंपाक केला. वडे, खीर, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी. गच्चीवर केळीचं पान मांडलं आणि वाढायला बसल्या. मीठ, लिंबू, चटणी उजवीकडे. भाजी डावीकडे.

"वहिनी, पान उलटं वाढलंत."

"उलटं नाही. त्यांच्या हाताचं आहे." बाई मागे सरल्या, पदर सारखा केला. "अहो, आता फटका मारायला कुणी नाही. पोटभर जेवा."

कावळा कठड्यावर बसलासुद्धा नाही. थेट पानावर उतरला. त्याच्यामागे दुसरा, तिसरा. विठोजी हात जोडून लहान पोरासारखा रडत होता. बाई पान रिकामं होईपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या.

मग त्या खाली आल्या, स्वतःला वाढून घेतलं आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा दाराकडे पाठ करून बसल्या. मागे कुणीही नव्हतं. बाईंना घास गिळवेना.