गुळवेल शेळीच्या पोटात

आमच्याकडे आजारी माणसाला भेटायला कुणी रिकाम्या हाताने येत नाही. पूर्वी लोक बिस्किटांचा पुडा आणि चार मोसंबी आणायचे. आत्यांना कॅन्सर निघाला आणि लोक पाला आणायला लागले.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, विजयमाला. सासऱ्यांना, म्हणजे गोरक्षनाथांना, मी मामा म्हणते. आमचं गाव शेवगावच्या अलीकडे, घर अगदी रस्त्याला लागून, त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्याला ते चुकवताही येत नाही. आत्यांच्या छातीत गाठ निघाली, नगरला ऑपरेशन झालं आणि दर तीन आठवड्यांनी केमोचा डोस सुरू झाला. पहिला डोस घेऊन घरी येतो तोवर ओट्यावर गुळवेलीच्या कांड्या, गव्हांकुरांचा ट्रे, कसलंसं तपकिरी चूर्ण आणि एक बाटली जमा झाली होती. बाटलीत काय आहे ते मी विचारलं नाही, वासानेच सांगितलं.

फोनवरचे वैद्य वेगळेच. उंटावरून शेळ्या हाकायला यांचं काय जातं? स्वतःचं डोकं दुखलं की मेडिकलमधून गोळी आणणारी ही माणसं आत्यांना मुळ्या उगाळून प्यायला सांगत होती. त्यात मामांचे चुलतभाऊ बिभीषणराव सगळ्यांच्या पुढे. त्यांचं शेवगावात कीटकनाशकांचं दुकान आहे. पिकावर फवारायला विष विकायचं आणि माणसाला निसर्गोपचार सांगायचे, असा त्यांचा दुहेरी धंदा. फरक इतकाच की दुसऱ्या धंद्याचे ते पैसे घेत नाहीत.

मामांनी मात्र रीतसर विचारलं. पहिल्या डोसाच्या वेळी ते डॉक्टर मॅडमच्या टेबलासमोर हात जोडून उभे राहिले. "मॅडम, गुळवेल द्यावी का हिला? लई जन सांगत्यात."

"सध्या नको, बाबा," मॅडम म्हणाल्या. "काढा नको, चूर्ण नको, झाडपाला नको. भाजीतली हळद चालेल, आल्याचा चहा चालेल, दूधदुभतं चालेल. तुमच्या औषधांशी माझं भांडण नाही. पण माझ्या औषधात तुमचं औषध मिसळलं आणि लिव्हर बिघडलं, तर मला डोस थांबवावे लागतील. काही द्यावंसं वाटलंच तर आधी मला आणून दाखवा."

"शब्द दिला," मामा म्हणाले. "एक पान तिच्या पोटात जायचं न्हाई." आणि ते बाहेर जाऊन उभे राहिले. दवाखान्यात बसणं त्यांना जमत नाही.

मामांचा शब्द म्हणजे शब्द. गावात बांधावरून भांडण झालं तर दोन्ही बाजू त्यांनाच बोलावतात. त्यांनी घरी येऊन ओट्यावरचा सगळा पाला उचलला आणि उकिरड्यावर नेऊन टाकला. मला वाटलं, सुटलो.

दुसऱ्या डोसानंतर आत्या खचल्या. केस गेले ते एक वेळ ठीक, पण तोंड आलं, चव गेली, पायांत त्राण उरलं नाही. एके दिवशी त्या भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "मी न्हाई आता नगरला जायची. पुरे झालं." अजून चार डोस बाकी होते. मॅडमनी आधीच बजावलं होतं की उपचार अर्धवट सोडला तर केलेलं सगळं पाण्यात जाईल. माझ्या नवऱ्याने, हर्षलने, विनवण्या केल्या. मी रागावले, मग रडले, मग पुन्हा रागावले. आत्या भिंतीशीच बोलत राहिल्या. त्या खरंच येणार नाहीत की काय, या भीतीने माझी झोप उडाली होती.

आणि मामा? मामा दारात यायचे, चौकटीला हात लावायचे आणि मला विचारायचे, "जेवली का?" खाट तिथून चार हातांवर. तिलाच विचारावं ना! पण या जोडप्याचं सगळं बोलणं जन्मभर तिसऱ्या माणसामार्फतच चाललेलं. "चहा झाला का इचार", "त्यांना म्हनावं मोटार चालू करा", असा त्यांचा संसार. मी दोन्हीकडचे निरोप पोचवून दमायची.

मग एका दुपारी दारात टेम्पो थांबला आणि मामांनी घोडेगावच्या बाजारातून आणलेली शेळी खाली उतरवली. संगमनेरी, पांढरी, लांब कानांची, नजरेत भलता तोरा.

"ही कशाला?" मी विचारलं.

"दुधाला." मामांच्या चेहऱ्यावरचा आनंद लपता लपत नव्हता. शेवटी न राहवून त्यांनी मला गोठ्यात बोलावलं. "हे बघ रेश्मा. डाक्टरीनबाई काय म्हनल्या? हिच्या पोटात पाला जाऊ द्यायचा न्हाई. बरुबर?"

"बरोबर."

"पर शेळीच्या पोटात गेला तर? गुळवेल शेळी खानार. त्यातलं जे काय वंगाळ आसंल, ते शेळीच्या पोटात ऱ्हानार. दुधात उतरनार निस्तं सार. आन् दूध तर चालतंय म्हनल्यात त्या!"

मी बी.कॉम. आहे. तरी मला पटकन उत्तर सुचलं नाही. "मॅडमना फोन करून विचारू," एवढंच म्हणाले. त्यावर मामा म्हणाले, "दुधाला काय इचारायचं?" आणि ते गुळवेल आणायला निघूनही गेले. दिलेला शब्द न मोडता त्याला वळसा कसा घालायचा, हे बांधाच्या भांडणांत शिकले असतील.

शेळीचं नाव चांदी ठेवलं. तिची चैन झाली. सकाळी गुळवेल, दुपारी कडुलिंबाचा पाला, संध्याकाळी शेवग्याचा. बिभीषणरावांना बातमी लागताच ते सदाफुलीची कुंडी घेऊन हजर. "केमोचं औषध ह्याच्यापासूनच बनतंय, मोबाईलवर आलंय," ते म्हणाले. खरं आहे म्हणे ते. पण चांदीला मोबाईलवर काय आलंय याचं सोयरसुतक नव्हतं. तिने सदाफुली हुंगली, तोंड फिरवलं आणि बिभीषणरावांच्या खांद्यावरचा पंचा ओढून चघळायला सुरुवात केली. कुठला पाला खायचा नाही आणि कुठल्या पाहुण्याला लांब ठेवायचं, ते आमच्या घरात एकट्या तिलाच कळत होतं.

आता मूळ गोष्ट. मी उठायच्या आत मामा धार काढायचे, पेला भरून आत्यांच्या खाटेशी न्यायचे आणि त्या पिईपर्यंत उशाशी बसायचे. रिकामा पेला स्वतः धुवायचे. मामांना भांडं घासताना मी पहिल्यांदाच पाहिलं, माझ्या हातातलं पीठ हातातच राहिलं.

आणि काय सांगू, आत्या भिंतीकडून इकडे वळल्या. सकाळी स्वयंपाकघरात मला दोघांचं बोलणं ऐकू यायला लागलं. कांद्याच्या रोपाचं, पाटाच्या पाण्याचं, चांदीच्या नखऱ्यांचं. "काल तिनं माझी टोपी खाल्ली," मामा म्हणाले आणि आत्या हसल्या. ते हसू ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी चहात दोनदा साखर घातली. तिसऱ्या डोसाला आत्या स्वतःहून तयार होऊन गाडीत बसल्या. मामा म्हणाले, गुळवेलीचा गुण. बिभीषणराव म्हणाले, सल्ला कोणाचा होता?

त्या डोसानंतर आठवडाभराने आत्यांना थंडी वाजून ताप आला. अंग चटके बसावेत इतकं तापलं. हर्षलने गाडी काढली, आम्ही तासा-दीड तासात नगर गाठलं. आत्यांना लगेच भरती करून घेतलं. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी पार खाली आलेल्या. सलाईन लागली, त्यातून औषधं सुरू झाली.

"काय काय खाल्लं त्यांनी?" मॅडमनी विचारलं.

मामांनी छातीवर हात ठेवला. "तुमाला शब्द दिल्ता मॅडम. एक पान पोटात गेलं न्हाई."

मग मात्र मी गप्प बसले नाही. शेळी, गुळवेल, कडुलिंब, शेवगा, सगळं सांगून टाकलं. मॅडमनी चष्मा काढला. त्यांना हसू आलं होतं की राग, ते कळलं नाही. "दूध उकळून देत होतात ना?" त्यांनी विचारलं.

"न्हाई. धारोष्ण," मामा म्हणाले. "उकळल्यावर गुण जातो त्यातला."

"बाबा, या दिवसांत त्यांच्या अंगात रोगजंतूंशी लढायची ताकद नसते. कच्च्या दुधातून जंतू जातात. ताप त्यानेच आला असं मी छातीठोक सांगणार नाही, या औषधांनी तसाही येतो. पण निरसं दूध म्हणजे विषाची परीक्षा. आणि शेळीला साधा चारा घाला. दुधात काय उतरतं, ते मलाही सांगता येत नाही."

मामा तसेच वळले. बाहेर गाड्या लावायच्या जागेपाशी जाऊन बाकावर बसले. जेवायला आले नाहीत. आत्यांच्या खोलीत पाऊलसुद्धा टाकलं नाही. दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले तेव्हा म्हणाले, "शेळी इकून टाकतो. मी रानातल्या वस्तीवर जाऊन ऱ्हातो. तुमी दोघं बघा तिचं. माझा हात लागला आन् ती मरता मरता वाचली." मामांच्या डोळ्यांत पाणी मी लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच पाहिलं, आणि माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला.

तिसऱ्या दिवशी आत्यांचा ताप उतरला. मॅडम म्हणाल्या, पुढचा डोस आठवडाभर लांबवू, पण घ्यायचाच. आत्यांनी हूं की चूं केलं नाही. नुसतं विचारलं, "हे कुठं हायेत?"

ते बाहेर बाकावर बसलेत आणि वस्तीवर राहायला जायचं म्हणतात, ते मी सांगितलं. "त्यांना आत आन," आत्या म्हणाल्या. मी गेले आणि मामांना अक्षरशः दंडाला धरून आणलं.

मामा दारातच थांबले. चौकटीला हात. "चुकलं माझं," ते माझ्याकडे बघून म्हणाले. "हिला सांग, मला ठावं नव्हतं."

"रेश्माला कशाला सांगता? मला सांगा," आत्या म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण धार होती. "तुमाला ठावं नव्हतं. मला ठावं हुतं."

"काय?"

"निरसं दूध पिऊ ने म्हनून. पयल्याच डोसाला शिष्टरनं सांगितलं हुतं. तुमी भायेर हुता, ही मेडिकलात गेल्ती."

"आत्या!" मी ओरडलेच. दवाखाना आहे हेही विसरले. "मग प्यायलात कशाला? जीव जाता जाता राहिला तुमचा!"

आत्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्या मामांकडेच बघत होत्या. "लगीन झाल्यापासनं तुमाला ताट मी दिलं, तांब्या मी दिला. मला कदी कुनी पानी आनून दिलं न्हाई, मी मागितलंबी न्हाई. आन् त्या दिशी तुमी पेला घिऊन आला. उशाला बसला. उकळून आना म्हनले आसते, तर तुमी रेश्माला हाक मारली आसती आन् रानात गेला आसता."

मी आधी आत्यांवर चिडले, मग मामांवर, मग मला दोघांचं इतकं वाईट वाटलं की मी उगाच डब्याची झाकणं लावत बसले. कारण आत्या म्हणत होत्या ते खरं होतं. मामांनी मला हाकच मारली असती.

मामा दारातून आत आले. स्टूल ओढलं. बसले. आपल्या पंजांकडे बघत म्हणाले, "मग आता?"

"आता काय? उरलेले डोस घ्यायचेत मला. शेळी इकायची न्हाई. दूध उकळून पायजे," आत्या म्हणाल्या. "आन् ते तुमी उकळायचं. रेश्माला हाक मारायची न्हाई."

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मामा स्वयंपाकघरात शिरले. मी आधीच उठून बसले होते, पण आज्ञा पाळून हात मांडीखाली दाबून धरले. गॅसचं बटण कुठल्या बाजूला फिरवायचं तेही त्यांना माहीत नव्हतं. लायटर चार वेळा ओढला तेव्हा कुठे शेगडी पेटली. मोठी आच करून ते पातेल्यासमोर राखणदारासारखे उभे राहिले, आणि चांदी ओरडली म्हणून क्षणभर मान वळवली तेवढ्यात दूध भसकन उतू गेलं. सगळी शेगडी पांढरी. एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं.

"काय जळतंय?" आतून आत्या.

"काय न्हाई. तू उठू नको," मामा म्हणाले, आणि पातेल्यात उरलेलं दूध पुन्हा आचेवर ठेवलं. या खेपेला बारीक आचेवर.

मी बाहेर ओट्यावर येऊन बसले. आतून पेला विसळल्याचा आवाज आला. मग खाट करकरली. आणि मग मामा, मला नाही, आत्यांनाच म्हणाले, "गरम हाय. फुकून पी."